दोन घरांमधलं सिंक सारखं ‘रिले’वर का जातं: घरगुती कनेक्शनवर पीअर-टू-पीअर नेमकं कुठे अडतं ते शोधताना

दोन घरं, दोन लहान संगणक आणि दोन्हीकडे सारखा ठेवायचा एकच फोल्डर. एक रास्पबेरी पाय माझ्याकडे पुण्यात, दुसरा आई-बाबांकडे चिपळूणला. दोन्हींवर सिंकथिंग, म्हणजे दोन संगणकांतले फोल्डर थेट एकमेकांशी जुळवत ठेवणारा प्रोग्राम. जोडणी लावल्यावर काही आठवडे सगळं नीट चालायचं. मग चिपळूणला वीज जायची, परत यायची, आणि सिंकथिंगच्या पानावर जोडणीचा प्रकार ‘टीसीपी वॅन’ (थेट जोडणी) याच्या जागी ‘रिले वॅन’ (मधल्या तिसऱ्या सर्व्हरवरून) दिसू लागायचा. सेकंदाला चार-पाच एमबीचा वेग शंभर-दीडशे केबीवर यायचा. मी काहीतरी खटपट केली की सुरळीत व्हायचं आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच.

हा फोल्डर आमच्यासाठी किरकोळ नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं कपाट बुडालं. आजोबांची पत्रं, जमिनीचे जुने फेरफार, लग्नांचे अल्बम. जे हाती लागलं ते आम्ही वर्तमानपत्रांवर पसरून सुकवलं, पान न् पान स्कॅन केलं. त्याच्या प्रती दोन वेगवेगळ्या गावांत, आपल्याच घरांत असाव्यात हे तेव्हाच ठरलं.

‘इंटरनेटवाल्याने पी-टू-पी बंद केलंय’ असं मी जवळजवळ वर्षभर धरून चाललो होतो. पी-टू-पी म्हणजे पीअर-टू-पीअर, दोन यंत्रांनी थेट एकमेकांशी बोलणं. शोधत गेलो तेव्हा कळलं की बंदी असणं वेगळं आणि घराला दारच नसणं वेगळं. आपल्याकडच्या घरगुती फायबरवर बहुतेकदा दुसरी गोष्ट असते, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. आपण यूट्यूब बघतो, यूपीआयने पैसे पाठवतो तेव्हा जोडणी घरातून बाहेर जाते. पीअर-टू-पीअरमध्ये दोघांपैकी कुणाला तरी बाहेरून येणारी टकटक ऐकू यावी लागते. कुणालाच ऐकू येत नसेल तर सिंकथिंग तिसऱ्याच कुणाच्या तरी रिलेवरून माल पाठवतं. तो वाटेत कुणाला वाचता येत नाही, पण रिले स्वयंसेवक चालवतात आणि तिथे वेग कमीच मिळतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या, ती मला फार उशिरा कळली. दोन्ही टोकांना दार उघडं असायची गरज नाही, एका टोकाला असलं तरी पुरतं. त्यामुळे दोन्हीकडच्या कंपन्यांशी भांडत बसू नका. ज्या घरी काम सोपं आहे, त्या घरी ते करा.

आपला पत्ता खरंच आपला आहे का

राऊटरच्या पानावर जा, ‘वॅन’ किंवा ‘स्टेटस’मध्ये जो आयपी पत्ता दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच घरच्या वायफायवरून ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे एकच असतील तर पत्ता तुमचा आहे आणि अडचण बहुधा घरातच आहे. वेगळे असतील तर राऊटरवरच्या आकड्याची सुरुवात पाहा.

१९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोन राऊटर एकामागे एक लागलेत. कंपनीचा ओएनटी (फायबर ज्यात येते ती डबी) स्वतः राऊटरचं काम करतोय आणि त्याच्यामागे तुमचा राऊटरही तेच करतोय. केबलवाल्याला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देतो; पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्ये भरायचं, हा प्रश्न मिटतो.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काहीही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. १० ने सुरू होणारा पत्ता असेल तरी बहुतेकदा अर्थ तोच. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. बाहेरून आलेली टकटक कंपनीच्या यंत्रापर्यंत येते आणि तिथेच संपते, कारण ती कोणत्या घराची हे त्या यंत्राला ठाऊकच नसतं.

यात कंपनीचा दुष्टपणा शोधू नका. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि आशिया-पॅसिफिकला पत्ते देणाऱ्या एपनिककडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटचा राखीव गठ्ठा उरला. १००.६४ ची ती मालिका एप्रिल २०१२ मध्ये खास याच वाटपासाठी बाजूला काढली गेली. आपल्याकडे घराघरांत फायबर पोचलं ते त्यानंतर. उशिरा आलेल्या छोट्या कंपनीने पत्ते आणायचे कुठून?

इथे एक फसवी खूण आहे. राऊटरमध्ये यूपीएनपी (प्रोग्रामने स्वतःच राऊटरवर पोर्ट, म्हणजे क्रमांकाचं दार, उघडून घ्यायची सोय) चालू असेल तर सिंकथिंग किंवा टोरंटचा प्रोग्राम ‘पोर्ट उघडलं’ असं खुशाल सांगतो. ते खोटं नसतं, राऊटरने त्याच्या बाजूचं दार उघडलेलंच असतं. पण ते दार रस्त्यावर न उघडता कंपनीच्या बोळात उघडतं. सीजीनॅट असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर तास घालवू नका. मी कित्येक रविवार घालवलेत.

तपासणीही घरच्याच वायफायवरून करू नका. आतून बाहेरचा पत्ता वापरून पुन्हा आत येणं अनेक राऊटरना जमत नाही आणि चालू असलेली सेवाही बंद दिसते. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा.

आयपीव्ही-६, आणि माझा दर पावसाळ्यातला दोष

सीजीनॅट दिसला म्हणून लगेच स्थिर पत्त्याचे पैसे भरू नका. त्याच स्टेटस पानावर आयपीव्ही-६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता आणि ‘प्रीफिक्स’ (कंपनीने दिलेला पत्त्याचा पुढचा भाग) दिसतोय का ते पाहा. आपल्याकडे मोबाइल आणि फायबर दोन्हींवर आयपीव्ही-६ बऱ्यापैकी पसरलंय. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगभर चालणारा पत्ता मिळतो आणि मध्ये सीजीनॅट नसतो. यंत्रावरचा पत्ता २ ने सुरू होत असेल तर तो खरा. ‘एफई८०’ ने सुरू होणारा फक्त घरातल्या घरात चालतो, त्यावरून काही ठरवू नका. अट एकच, दोन्ही घरांत आयपीव्ही-६ हवं. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर त्याचा इथे काहीच उपयोग नाही.

आमच्याकडे दोन्हीकडे होतं. पुण्याच्या ओएनटीवर आयपीव्ही-६ ची फायरवॉल आहे, पण एखादंच पोर्ट उघडायची सोयच त्यात दिलेली नाही, म्हणून पुण्याचं टोक बंद. चिपळूणला स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन आहे, ओएनटी ब्रिज मोडमध्ये आणि मागे ओपन-डब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकलेला माझा राऊटर. तिथे मी नियम लिहिला होता की या पत्त्याच्या संगणकावर टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) यांचं २२००० पोर्ट, म्हणजे सिंकथिंगचं, येऊ द्या. दोन्ही लागतात, नुसतं टीसीपी उघडून थांबू नका.

वीज गेली की पीपीपीओई तुटतं. परत जोडलं गेलं की कंपनी नवा प्रीफिक्स देते, म्हणजे पत्त्याचा पुढचा अर्धा भाग बदलतो. माझ्या नियमात मात्र जुना अख्खा पत्ता लिहिलेला. फायरवॉल इमानेइतबारे अशा पत्त्यासाठी दार उघडं ठेवून बसायची जो पत्ता आता आमच्या घरी कुणाचाच नव्हता. सिंकथिंग स्वतःचा नवा पत्ता लगेच जाहीर करतं, त्यामुळे पुण्याला तो कळायचाही, पण टकटक फायरवॉलवर अडायची. मी दर वेळी नियम पुसून नवा लिहायचो आणि ‘ठीक झालं’ म्हणायचो.

इलाज असा की नियमात पत्त्याचा फक्त मागचा अर्धा भाग धरायचा. ओपन-डब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये पत्त्यापुढे मास्क देऊन ते करता येतं. पुढचा भाग काहीही होवो, मागचे ६४ बिट जुळले की आत येऊ द्या.

तरीही पुढच्या वेळी ते तुटलं. हे कारण मला कुठेच सरळ लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो. आजच्या लिनक्सवर अनेकदा मागचा अर्धा भागही कायम राहत नाही. तो प्रीफिक्समध्ये एक गुपित आकडा मिसळून तयार केला जातो, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या यंत्राचा माग काढता येऊ नये. प्रीफिक्स तोच असेपर्यंत पत्ता स्थिर, प्रीफिक्स बदलला की दोन्ही अर्धे नवे. शिवाय बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी रोज बदलणारे तात्पुरते पत्तेही असतात. हे खासगीपणासाठी चांगलंच आहे आणि फोन-लॅपटॉपवर असूच द्या. पण ज्या यंत्रावर बाहेरून यायचंय, त्याचा मागचा भाग पक्का करावा लागतो. नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) त्या जोडणीसाठी पत्ता बनवायची पद्धत ‘ईयूआय-६४’ ठेवा. मग मागचा भाग नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून बनतो आणि वीज शंभर वेळा गेली तरी तोच राहतो. नंतर नियमात तोच भाग लिहा.

हे केलं आणि त्यानंतरचे सगळे वीजखंड बिनघोर गेले. एकच पोर्ट, एकाच यंत्रासाठी. ‘डीएमझेड’ लावून किंवा फायरवॉल पूर्ण बंद करून हे काम करू नका. ‘डीएमझेड’मध्ये त्या यंत्राची सगळीच पोर्टं उघडी पडतात, आणि फायरवॉल बंद केली तर घरातला कॅमेरा, प्रिंटर, टीव्ही सगळेच रस्त्यावर उघडे पडतात.

घरातलं सगळंच नेट ठप्प होतं तेव्हा

हा वेगळा दोष आहे, पण त्यालाही लोक ‘कंपनीने टोरंट ब्लॉक केलं’ असंच म्हणतात. मी डेबियन या लिनक्सच्या आयएसओ फाइल टोरंटवर सीड करतो, म्हणजे इतरांना उतरवून घ्यायला देतो, आणि टोरंट चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घरी सगळ्यांचे व्हॉट्सॲप कॉल तुटायचे, पेमेंट अडकायचं. टोरंट बंद केलं की जरा वेळाने सगळं जागेवर.

एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. समजा कंपनीने तो पत्ता ६४ घरांत वाटला, तर एका घराच्या वाट्याला हजारभर येतात. टोरंटचा प्रोग्राम शेकडो जोडण्या उघडतो, आणि डीएचटी (त्याच फाइली असलेली इतर यंत्रं शोधायची टोरंटची सोय) तर सतत नव्या नव्या पत्त्यांना यूडीपी पाठवत राहतो. प्रत्येक पत्त्यागणिक नोंद धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत वाटा संपतो आणि घरातल्या कुणालाच नवी जोडणी मिळत नाही. कधी कधी कंपनीपर्यंत जायचीही गरज नसते, स्वस्त ओएनटीचा स्वतःचा तक्ताच भरतो. एकूण जोडण्या शंभर-दीडशेवर आणल्या, एकेका टोरंटच्या तीस-चाळीसवर, तर फरक लगेच दिसतो. अपलोडचा वेगही लाइनच्या ऐंशी टक्क्यांवर बांधून टाका. अपलोड पूर्ण भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि नेट मेल्यासारखं वाटतं.

याच सदरात ३३०० जीबीही येतं. ‘अमर्यादित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती प्लॅनांना महिन्याला तेवढी मर्यादा असते आणि त्यात अपलोडही धरलं जातं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वेग पडत असेल आणि बिलाची तारीख उलटली की वाढत असेल, तर तुमचं उत्तर मिळालं.

खरोखर मुद्दाम अडवताहेत का

अडवतात, असं घडलेलं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी बिटटोरंटच्या जोडण्यांत खोटी ‘रीसेट’ पाकिटं घुसवताना पकडली गेली. दोन्ही टोकांना वाटायचं की समोरच्यानेच फोन ठेवला. असोसिएटेड प्रेसने खात्री करायला किंग जेम्स बायबलची फाइल पाठवून पाहिली, म्हणजे कॉपीराइटची सबब उरू नये. ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने कंपनीविरुद्ध आदेश दिला आणि एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला.

तुमच्याकडे तसं होतंय का हे ओळखायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामचा बोगदा काढा आणि तेच टोरंट, तेवढ्याच जोडण्यांनी, एकदा थेट आणि एकदा बोगद्यातून चालवा. रात्री दहाला पाहा, पहाटे चारला पाहा. दोन्ही वेळा बोगद्यातून ठळक जास्त वेग येत असेल तर वाहतूक ओळखून आवळली जातेय असा संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही मार्गांनी सारखाच येत असेल तर गर्दी किंवा प्लॅन, इतकंच. एकाच चाचणीवरून तक्रार करू नका.

साइट न उघडणं हा तिसराच प्रकार. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशानंतर पायरेट बे या टोरंट साइटसोबत व्हिमिओ ही व्हिडिओंची साइटही बंद झाली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या आदेशात इंटरनेट आर्काइव्हचं, साइटींची जुनी पानं जपणारं वेबॅक मशीनही सापडलं. असे आदेश साइटच्या नावावर लागतात. तुमच्या घरातल्या पोर्टशी किंवा सिंकथिंगशी त्यांचा संबंध नाही.

आपल्याकडच्या नियमांबद्दल. ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी दिल्या, २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या आणि परवान्यांच्या अटींत आणल्या. मजकूर पाहून भेदभाव करायचा नाही, वेग मुद्दाम कमी करायचा नाही, वाजवी वाहतूक व्यवस्थापन मात्र चालेल. पण सार्वजनिक पत्ता द्यायलाच हवा असं त्यातून निघत नाही. सीजीनॅटविरुद्ध नेट न्यूट्रॅलिटीचं हत्यार उगारलेल्या तक्रारी मी पाहिल्यात आणि त्यांचं काही होत नाही. भांडायचंच असेल तर आयपीव्ही-६ मागा. ती मागणी कंपनीला स्वस्तही पडते.

कंपनीशी काय बोलायचं

‘मला घरी सर्व्हर चालवायचाय’ असं म्हणू नका. खोटं बोला असं मी सांगत नाही. पण घरगुती प्लॅनच्या अटींत ‘सर्व्हर’, ‘व्यावसायिक वापर’, ‘पुनर्विक्री’ असे शब्द बहुधा एकाच ओळीत असतात आणि हेल्पलाइनवरचा मुलगा तो शब्द ऐकताच बिझनेस प्लॅनचं पान उघडतो. अटी आधी स्वतः वाचा. दोन घरांतल्या कौटुंबिक फाइली सारख्या ठेवणं आणि घरून दुकानाची वेबसाइट चालवणं यात फरक आहे, तो शांतपणे सांगा. नेमके प्रश्न विचारा: माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे का? आयपीव्ही-६ प्रीफिक्स मिळेल का? ओएनटी ब्रिज करून मिळेल का? स्थिर पत्ता घरगुती प्लॅनवर मिळतो की फक्त व्यावसायिक, आणि वर्षाचे किती? स्थानिक केबलवाल्याकडे थेट त्याच्या ऑफिसात गेलात तर यातली निम्मी कामं चहा संपायच्या आत होतात. हेल्पलाइनवर महिना जातो.

तक्रार नोंदवलीत तर डॉकेट क्रमांक घ्याच. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ‘ट्राय’ एकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वाट पाहू नका.

दोन्ही घरांत आयपीव्ही-६ नाही आणि स्थिर पत्ताही मिळत नाही, तर उरतो बोगदा. मुंबईतल्या एखाद्या डेटासेंटरमधला सगळ्यात लहान सर्व्हर भाड्याने घ्यायचा, दोन्ही घरांतून त्याच्याकडे वायरगार्ड जोडायचं. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की सीजीनॅट ती नोंद विसरतो आणि जोडणी मेल्यागत होते. ‘कधी चालतं कधी नाही’ अशा किती तरी तक्रारींचं मूळ या एका ओळीत असतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन आणि असे सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे, हे माहीत असू द्या. कौटुंबिक फोल्डरसाठी मला त्यात अडचण वाटत नाही.

पुन्हा तुटलं, पण वेगळ्या कारणाने

प्रीफिक्सचा दोष मिटल्यावर सात-आठ महिन्यांनी चिपळूण पुन्हा रिलेवर गेलं. मी थेट फायरवॉलच्या नियमाकडे गेलो, आणि तो तर बरोबर होता. मग वरची पहिली पायरी केली. आईला राऊटरच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. वॅनवर १९२.१६८, आयपीव्ही-६ ची जागा कोरी.

आदल्या दिवशी वादळात ओएनटीवरचा लाल दिवा लागला होता. लाइनमन आला, त्याने फायबर जोडली, आणि खबरदारी म्हणून ओएनटी रीसेट करून कंपनीचं मूळ सेटिंग चढवलं. त्याचं काम त्याने नीटच केलं, आईचं नेट चालू झालं. पण ब्रिज मोड पुसला गेला, घरात पुन्हा दोन राऊटर एकामागे एक झाले. लक्षण तंतोतंत पूर्वीचंच, कारण पूर्ण निराळं. म्हणून रिले दिसला की दर वेळी वॅनच्या पत्त्यापासूनच सुरुवात करा, मागच्या वेळी काय सापडलं होतं तिथपासून नको. काही कंपन्या तर माणूस न पाठवता दुरूनच ओएनटीवर सेटिंग चढवतात, तेव्हा घरी कुणाला काही कळतही नाही.

ब्रिज मोडच्या पानाचा, पीपीपीओईच्या तपशिलांचा आणि फायरवॉलच्या नियमाचा फोटो आता मी त्याच सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. बाबांनी ओएनटीच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरांत: ‘दादा, हा ब्रिज मोडमध्ये आहे. मागचं बारीक बटण दाबायच्या आधी पुण्याला फोन करा.’ खाली माझा नंबर. गेल्या वादळानंतर तो फोन आला, आणि आम्ही दोघांनी मिळून पाच मिनिटांत फक्त फायबरचा जोड बदलून काम संपवलं.